दारातनं या

"वैनी, भिंतीतनं कुटं येताय? दारातनं या की."

तानूअक्काचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आसपास ना भिंत होती ना दार. टाकव्याच्या शिवारातला उघडा माळ होता आणि त्यावर नारळाएवढाले दगड ओळीने मांडलेले होते. मी ती ओळ ओलांडून सरळ अक्काकडे निघाले, तर तिने हात वर करून मला थांबवलं. मी मागे फिरले, वळसा घालून दोन दगडांमधल्या मोकळ्या जागेतून आत गेले, तेव्हा कुठे तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. तिचा नवरा मारुती इंजिनांच्या शेडमध्ये फिटर, माझे यजमान तिथेच कारकून. पहिली लढाई चालू होती. शेडचा धूर चाळीत कायमचा मुक्कामाला असायचा. धुतलेलं धोतर पांढरं राहील ही आशा मी लग्नानंतर महिन्याभरातच सोडली होती. अक्काच्या किसनला, सहा-सात वर्षांच्या पोराला, त्या धुराने बारा महिने खोकला. त्याला मोकळी हवा मिळावी म्हणून अक्काने अंगावरचं सगळं मोडलं आणि माहेरच्या गावात, टाकव्याला, हा माळ घेतला.

घर आखायची तिची रीत तिची स्वतःची होती. फूट आणि गज तिला ठाऊक होते, पण त्यांच्यावर तिचा विश्वास नव्हता. "मानूस निजवल्याबिगर खोली कळत न्हाई," असं ती म्हणायची. आल्यागेल्याला ती जमिनीवर आडवं करायची आणि डोक्याशी, पायाशी दगड ठेवायची. मलाही पाहुण्यांच्या खोलीत भर उन्हात निजवलं. मी नव्या लुगड्याची काळजी करत पडून राहिले आणि ती "आता कूस बदला" म्हणत दगड सरकवत राहिली.

दाराजवळची सगळ्यात चांगली खोली तिने थोरल्या दिरासाठी राखली होती. ते परंदवडीला घरची शेती बघायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. मारुतीपेक्षा ते बरेच उंच, म्हणून तिने मारुतीला हात डोक्यावर ताणून निजायला लावलं. "थोरल्यांचं पाय भिताडाला लागाया नगं," ती म्हणाली.

आणि घोडं अडलं ते नेमकं आबांपाशीच. पायाचा पहिला दगड घरातल्या थोरल्या पुरुषाने ठेवायचा, ही त्यांच्याकडची रीत. आबा हटून बसले. धाकटा भाऊ बायकोच्या गावात घर बांधतोय, उद्या लोक त्याला घरजावई म्हणतील, हे त्यांना सोसवेना. मारुती बोलवायला गेला तर म्हणाले, "परंदवडीत जागा न्हवती व्हय? त्या माळाव माज्या हातचा दगड पडायचा न्हाई."

मारुती वैतागून म्हणाला, "म्या ठेवतो दगड. आबाचं मागनं बगू." चाळीतल्या सगळ्यांचं तेच मत होतं. मीही अक्काला सुनावलं की पोर खोकतंय आणि तुम्ही रीत कसली धरून बसलात. ती ऐकेना. "थोरल्यांना भाईर ठिवून उबं केलं तर ते घर न्हवं, वैनी. आज न्हाई तर उद्या येतील." पावसाळ्यात दगड गवतात गडप व्हायचे. दिवाळी झाली की अक्का जाऊन गवत कापायची आणि ओळी पुन्हा मोकळ्या करायची. असे दोन पावसाळे गेले.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. लोणावळ्यात सरणाला लाकूड पुरेना. चाळीत घरटी एक तरी माणूस आडवं झालं होतं. अक्काच्या खोलीत मारुती आणि किसन अंगाला अंग लावून पडले होते. तिसऱ्याला पाय टेकायला जागा नव्हती, म्हणून ती उंबऱ्यात बसून दोघांना पाणी पाजायची. आधी किसन गेला. मारुतीला ते कुणाला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तोही गेला. माळावरचं घर उभं असतं तर दोघं वाचले असते का? मानमोडीने खेडीही सोडली नाहीत, त्यामुळे मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. अक्काला मात्र शंका नव्हती.

आबा स्वतः तापातून कसेबसे उठून तेराव्याला आले. रेल्वेची खोली रिकामी करायची होती. आबांना रडं आवरत नव्हतं. "चल पोरी, परंदवडीला चल," ते म्हणाले. अक्काच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आबा, दगड ठेवा."

त्यांनी ठेवला. तिच्या भावांनी तिथे एकच खोली उभी केली, दगडमातीची, वर कौलं घालून. बाकीचं घर ओळींतच राहिलं. अक्का त्या ओळींमधल्या जमिनीवरही रोज झाडू फिरवायची, सणावाराला शेणाने सारवायची. माझं जाणं-येणं चालूच होतं, आणि मीही दारातून जायला शिकले होते.

दर वर्षी भात झोडून झालं की आबा आंबेमोहोराचं पोतं गाडीत घालून यायचे. अक्का ओळीपाशी येऊन पोतं उतरवून घ्यायची आणि पाण्याचा तांब्या दगडांवरून बाहेर द्यायची. आत या म्हणायची नाही. आबांना ती ओळ ओलांडणं काही अवघड नव्हतं. पण त्यांनीही कधी पाय उचलला नाही. पाणी प्यायचे, तांब्या परत द्यायचे, गाडी वळवायचे. मला ते बघवायचं नाही. एकदा मी बोललेच, "किती वर्षं शिक्षा द्यायची माणसाला?"

"शिक्षा कुटली, वैनी," ती म्हणाली. "त्येंची वाट म्याच बगत बसले न्हवं? पर तोंडातनं सबुदच निगत न्हाई."

दुसरी लढाई संपत आली तेव्हा तिने अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, "म्या गेल्याव त्येंना आत घ्या. म्या जित्ती हाय तवर न्हाई जमायचं. त्येंची खोली झाडल्याली हाय."

चार दिवसांनी ती गेली. पुरुषमाणसं नदीवरून परतली आणि घरात, ओळींमध्ये, जागा मिळेल तिथे टेकली. आबा एकटे बाहेर उभे होते, नेहमी पाणी प्यायचे तिथेच. वयाने वाकले होते, हातात काठी होती. मी दाराच्या दोन दगडांपाशी गेले आणि म्हटलं, "आबा, दारातनं या."

त्यांनी वहाणा काढल्या, काठी टेकत वळसा घातला आणि आत आले. मी दाराजवळची जागा दाखवली. "ही तुमची खोली. मारुतीला हात ताणून निजवून मोजली होती, तुमचे पाय भिंतीला लागू नयेत म्हणून."

आबा खाली बसले. सारवलेल्या जमिनीवरून बराच वेळ हात फिरवत राहिले. मग काठी बाजूला ठेवून सगळ्यांच्या देखत हळूहळू आडवे झाले आणि त्यांनी पाय लांब केले. पायांशी ठेवलेला दगड अजून हातभर लांब होता.