तिसऱ्या मजल्यावरचं हवामान

मिस्त्रीची एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. अडकलेल्या माणसांना वरून "आलोच हो, घाबरू नका!" असं ओरडून ओरडून आवाज असा तयार झाला होता की, घरात मीठ मागितलं तरी शेजारी दार उघडून बघायचे.

तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी बायकोच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. ती कापड रंगवायची. मागच्या खोलीत रंगाची पिंपं, गच्चीवर वाळवायच्या दोऱ्या. पिंपात नाक घातलं की निळा कुठला नि जांभळा कुठला, हे तिला अजून दिसायचं. आभाळ मात्र लांब पडलं. "माझ्या आभाळात रोजच ढग," ती म्हणायची. पाऊस येईल का, हे कुणाला विचारायला जीभ रेटायची नाही. दोनदा माल पावसात सापडला, रंग ओघळले.

लेकीने फोनवरून बजावलं, "आई, आता एकदा जरी कापड भिजलं ना, तर मी स्वतः येऊन पिंपं भंगारात देणार."

पुढचे दोन दिवस जेवण अळणी झालं. मिस्त्रीने ओळखलं, पाणी कुठे मुरतंय ते.

महिनाभर तो संगणकाला चिकटून बसला. हवामानाच्या एका वेबपानावर रोज अंदाजाचा तक्ता यायचा. सकाळी सहाला ते पान आपोआप उघडायचं, त्यातली आजची ओळ उचलायची आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरवरून बाईच्या आवाजात वदवायची, असा घाट. आजची ओळ कोणती? मिस्त्रीने मजले मोजावेत तशा ओळी मोजल्या. पहिल्यावर मथळा, दुसऱ्यावर काल, तिसऱ्यावर आज. हुकूम लिहिला : तिसऱ्यावर थांब, तिथलं उचल, आधी 'आज' जोड आणि बोल.

"आज आकाश निरभ्र. पाऊस नाही."

बायको दचकली. "ही कोण बया?"

"हवामान सांगणारी."

"या वयात सवत आणलीत होय!"

पण दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असतानाच ती ओट्याशी कान देऊन उभी. नऊ आठवडे सवतीने एक शब्द खोटा केला नाही.

मग नाटकगृहाचा पडदा आला. पांढरा, जाडजूड, गर्द निळा करून हवा. वाळायला अख्खा दिवस ऊन लागणार. सवत म्हणाली, "आज आकाश निरभ्र." बायको गच्चीवर जाऊन आली.

"अहो, दोरी ताणलीय."

"मग?"

"हवेत ओल आली की सुती दोरी आखडते. काल सैल होती."

"अगं, तिकडे उपग्रह फिरतायत आणि तू दोरी घेऊन बसलीस! महिनाभर डोळे फोडून केलंय मी ते!"

शब्द सुटला आणि मिस्त्रीला वाटलं, स्वतःची जीभ हासडावी.

"बरं," ती शांतपणे म्हणाली. "घालते पिंपात. तुम्ही जरा तुरटी घेऊन या."

तासा-दीड तासाने परत येताना त्याने रस्त्यावरून मान वर केली. गच्चीवर काहीतरी फडफडत होतं, पडदाच असणार. जिवात जीव आला. आणि तेवढ्यात आभाळ फाटलं.

त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जन्मभर लोकांना वर नेणारा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत, धापा टाकत गच्चीवर पोचला. दोरीवर दोन जुन्या चादरी होत्या आणि त्याचाच कामावरचा फाटका डगला.

खाली आला तेव्हा त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. मागच्या खोलीत पडदा कोराच, घडी न मोडलेला. बायको फोनवर होती.

"नाही गं, काही भिजलं नाही. तुझ्या बाबांच्या यंत्राने सकाळीच सांगितलं ना, पाऊस येणार म्हणून."

तिने फोन ठेवला.

"खोटं का बोललीस?"

"नऊ आठवडे ती खरं बोलली. आज एक दिवस तिच्या वतीने मी बोलले."

"आणि चादरी?"

"तुम्ही खालून बघणार, हे मला ठाऊक नाही का? आधी डोकं पुसा."

डोकं न पुसताच त्याने पान उघडलं. तक्त्याच्या माथ्यावर लाल ओळ : वादळी पावसाचा इशारा. एरवी नसायची, हवा बिघडली की उगवायची. ती वर चढली, की खालचे सगळे एकेक मजला उतरले. तिसऱ्यावर 'काल' येऊन बसला होता आणि सवत बिचारी कालचं ऊन आज वाटत सुटली होती. एकतीस वर्षांत एकाही इमारतीने मिस्त्रीला न सांगता रात्रीत मजला चढवला नव्हता.

"म्हणजे ऐन गरजेच्या दिवशीच चुकणार होती," तो पुटपुटला.

"माणसांसारखीच की," बायको म्हणाली आणि टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला.

त्याने मोजणं काढून टाकलं. आता यंत्र 'आज' हा शब्द शोधायचं, मग तो कुठल्याही मजल्यावर असो. लाल ओळ दिसली तर ती आधी वाचायचं.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला सवत बोलली, "आज आकाश निरभ्र."

बायकोने पडद्याची घडी उचलली, पण पिंपाशी थांबली. मिस्त्री घरात नव्हता. तेवढ्यात गच्चीवरून तो जुना, कमावलेला आवाज आला,

"सैल आहे गं!"

शेजारच्यांनी दारं उघडली. तिने पडदा रंगात सोडला.