शकूचा मूळ आवाज

जगातल्या कुठल्याही जपानी कार्टूनमध्ये भरल्या वांग्यांचा उल्लेख नाही, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही सगळ्या कुटुंबासमोर, रविवारी दुपारी, नानांच्या बडोद्यातल्या, निजामपुऱ्याच्या घरी.

नाना म्हणजे माझे वडील. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना इतकी वर्षं झाली, तरी शिट्टी ऐकली की अजून गाडी ओळखतात. माझ्या लहानपणी याच घरात आम्ही दर रविवारी टीव्हीवर एक जपानी मालिका बघायचो. समुद्रात दीपगृह, त्यात एक दाढीवाला म्हातारा आणि त्याची नात शकू. दोघं रोज संध्याकाळी दिवा लावायचे आणि शकूच्या आईची वाट बघायचे. बस्, एवढीच गोष्ट! पण मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो, आणि टीव्हीपासून वीतभर अंतरावर मांडी ठोकून बसायचो. मला ती शकू सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची वाटायची. (सख्खी बहीण, म्हणजे उजूताई, तेव्हा मला चिमटे काढायची.)

पुढे मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. मग घरात बरंच काही बदललं. पण डोळे मिटले की ती मालिका मात्र जशीच्या तशी ऐकू यायची. म्हातारा खोकायचा, शकू किणकिणत बोलायची आणि कुठल्याही भागात, कुठल्याही वादळात, कुणीतरी भरल्या वांग्यांचा विषय काढायचंच.

चाळिशीनंतर लोक गुडघे सांभाळतात. मी जुनी जपानी कार्टून्स सांभाळायला लागलो. माझ्यासारख्या वेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तिथे मला कळलं की जुन्या मालिका घरी बघण्यासाठी पुन्हा काढताना लोक काय काय अत्याचार करतात! चौकोनी चित्र आजच्या रुंद टीव्हीत बसावं म्हणून वरून डोकी आणि खालून पाय कापतात. फिल्मचे बारीक दाणे इतके घासून काढतात की माणसं मेणाची दिसतात. आणि आवाज? मूळ आवाज फेकून नवाच भरतात! मी जेवता जेवता यावर इतका बोलायचो की माझी बायको मेधा एकदा म्हणाली, "अहो, आमटी गार होतेय. तिचं मूळ तापमान कोण जपणार?"

तर आमच्या या मालिकेच्या डिस्कचा संच जपानमध्ये निघाला. चित्र मूळ, दाणे मूळ, आवाज मूळ! मी ग्रुपवर विचारलं, "यात मराठी आवाजही आहे ना?"

"मराठीत ही मालिका कधी आलीच नाही," एकाने कळवलं. "आपल्याकडे हिंदीत लागायची."

"तुम्ही तेव्हा बडोद्यात होता का?" मी खवळून लिहिलं. "मी स्वतः मराठीत ऐकलीय! म्हातारा तर मधूनमधून गुजराती बोलायचा! आणि काय तंत्र होतं त्या काळी! आवाज समोरून नाही, मागून यायचा!"

त्यावर ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. मला वाटलं, माझ्या ज्ञानाने गप्प झाले.

संच आला. मी रविवारी सगळ्यांना नानांकडे बोलावलं. गोरव्याहून उजूताई आणि भावजी आले. भावजी तिथल्या एका कारखान्यात फोरमन आहेत, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ती दुरुस्त करायची हा त्यांचा स्वभाव. मी सुरुवातीला छोटंसं भाषण केलं. भाषण संपेपर्यंत नानांची एक डुलकी झाली. मग मी मालिका लावली.

"अरे अविनाश, दोन्ही बाजूंना काळं का दिसतंय?" भावजी म्हणाले. "पॅनल गेलं वाटतं."

"भावजी, ते मूळ चौकोनी चित्र आहे!"

"थांब, करतो नीट." त्यांनी रिमोट घेतला आणि शकू एका झटक्यात म्हशीएवढी रुंद झाली. मी रिमोट हिसकावला. तेवढ्यात मेधा पडद्याजवळ जाऊन ओढणीने काच पुसायला लागली. "अहो, किती धूळ ही! मुंग्या चालल्यासारखं दिसतंय."

"धूळ नाही ती! फिल्मचे दाणे आहेत! त्यासाठीच तर आणलाय!"

"दाणे बघायला?" नाना जागे होऊन म्हणाले. "मग शेंगाच आणायच्यास."

आणि मग शकूने तोंड उघडलं. जपानीत! मी घाईघाईने बटणं दाबली. जपानी. पुन्हा दाबली. जपानीच, फक्त खाली इंग्रजी अक्षरं उमटली. मराठीचा पत्ता नाही!

"काढून टाकला!" मी ओरडलो. "चोरांनी मराठी आवाज काढून टाकला! मी जपानला तक्रार करणार आहे!"

उजूताईने माझ्याकडे बघितलं. मग नानांकडे बघितलं. मग तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे गदगदायला लागले.

"अव्या," ती कशीबशी म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"अरे, आपला टीव्ही मुका होता!" नाना म्हणाले. "आवाज बिघडला म्हणून रिपेअरवाला आला, स्पीकर काढून पिशवीत घालून घेऊन गेला, तो गेलाच. दुकानाला कुलूप. म्हणे गावी लग्नाला गेलाय. कोणाच्या? त्याच्याच! चांगला वर्षभर आला नाही."

"मग बोलायचं कोण?"

"आई," उजूताई म्हणाली. "तुझ्या मागे पाटावर बसून खंडेराव मार्केटची भाजी निवडायची, आणि बोलायची."

मी बसलो. म्हणजे बसलेलाच होतो, पण आणखी बसलो. मागून येणारा तो आवाज! म्हातारा गुजराती बोलायचा, कारण तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या रमेशभाईंसारखा दिसायचा. शकू हे नावही आईनेच ठेवलेलं! आणि भरली वांगी यायची, कारण आईच्या मांडीवरच्या ताटात वांगी असायची! सगळे एवढे हसत होते की मलाही हसावं लागलं. हसता हसता एकदम लक्षात आलं. आमच्या घरात आईचे फोटो आहेत, साड्या आहेत, तिच्या हातचा एक अर्धा स्वेटर आहे. पण तिचा आवाज कुठेच नाही. आणि तो मला इतकी वर्षं पाठ होता.

"बघू तरी खरी गोष्ट काय आहे," मेधा हळूच म्हणाली. "तुम्ही वाचा ना खालचं."

मग मी, मूळ आवाजाचा रखवालदार, जपानी आवाजावर ओरडून ओरडून मराठीत सांगायला लागलो. पहिल्याच भागात म्हातारा एका कोळ्याला सांगतो, शकूची आई वादळात बुडाली. पोरीला अजून कळू द्यायचं नाही. मी हे वाक्य वाचलं आणि उजूताईकडे वळलो.

"आई असं नव्हती सांगत," मी म्हणालो.

"छे!" उजूताई म्हणाली. "आई सांगायची, शकूची आई खंडेराव मार्केटला गेलीय आणि तिला बस मिळत नाहीये. दर रविवारी तेच!"

मला ते आठवत होतं. इतकं आठवत होतं की आई गेली तेव्हा, मी चांगला चौथीत असूनही, कितीतरी दिवस संध्याकाळी मला वाटायचं, बस मिळत नसेल. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही. नुसताच रिमोट उचलला आणि जपानहून आलेला तो अस्सल, जपलेला, एकमेव मूळ आवाज बंद करून टाकला.

पडद्यावर शकू जिना चढत होती.

"आजोबा," उजूताई एकदम किणकिणत्या आवाजात म्हणाली, "आई कधी येणार?"

पडद्यावर म्हाताऱ्याचं तोंड हलत होतं. आणि आमचे नाना, ज्यांनी जन्मात कधी नक्कल केली नाही, ते घसा खाकरून म्हणाले, "आवशे, आवशे, बेटा! बस मळी नथी! तू दीवो लगाड!"

"नाना! तुम्हाला कसं माहीत? तुमची तर रविवारी ड्यूटी असायची!" मी विचारलं.

"रात्री म्हणून दाखवायची मला," नाना म्हणाले. पडद्यावरची नजर त्यांनी हलवली नाही. "सगळा भाग. पुन्हा."

"पण 'दीवो लगाड' नाही, ती 'दीवो कर' म्हणायची," मी म्हणालो.

"लगाड!"

"कर!"

"तू टीव्हीत घुसलेला असायचास, तुला काय ऐकू येणार?" उजूताई म्हणाली. भावजी मधे पडले, मेधाने बोटीच्या कप्तानाचं काम घेतलं, आणि असा दंगा सुरू झाला की खालून रमेशभाईंची सून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारायला आली, "बधुं बराबर छे ने?"

हे सगळं जपलं पाहिजे, या विचाराने मी ताबडतोब फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. शेवटपर्यंत केलं आणि रात्री ग्रुपसकट सगळ्यांना पाठवूनही दिलं.

सकाळी उजूताईचा फोन आला. "ऐकलंस का तू ते?"

मी ऐकलं. उजूताईची शकू लांबून कुठूनतरी किणकिणते. नाना तर कळतच नाहीत, जणू खरोखरच समुद्रातून बोलतायत. पण एक आवाज मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ, खणखणीत आणि एकही दाणा न हरवता जपला गेलाय. तो माझा आहे, आणि तो म्हणतोय, "अरे, शांत बसा ना सगळे! आवाज येत नाहीये!"