गेलेली ट्यूब

काल दुपारी सिटी बसमध्ये एक काका चढले. जुन्या धोतरात गुंडाळलेली एक लांब वस्तू त्यांनी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती.

"नवी ट्यूब वाटतं, काका?" कंडक्टरताईंनी विचारलं.

"छे, गेलेली आहे."

सगळे हसले. "मग एवढी जपताय कशाला? घंटागाडीत टाकायची की!"

"आत कणभर पारा असतो, ताई. फुटली की त्याची वाफ कचरा निवडणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात जाते. म्हणून पालिकेच्या केंद्रावर द्यायला निघालोय."

हसू थांबलं. एका बाईंनी उठून काकांना खिडकीची जागा दिली. पुढे ब्रेक करकचून लागला, तेव्हा आपापला तोल सावरायचा सोडून आम्ही चार-पाच जणांनी ट्यूबकडेच हात नेले!

नवी वस्तू जपून घरी नेणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण जिचा उजेड संपला तिला, आणि तेही कधी न पाहिलेल्या बायकांसाठी, असं उराशी धरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. उन्हात तो साधासा चेहरा मला फार देखणा वाटला.

काका उतरले. जागा देणाऱ्या बाईंनी खिडकीतून हाक मारली, "अहो, माझ्याकडेही दोन पडल्यात! केंद्र कुठे आहे?"

"भाजी मंडईच्या मागे! निळं फाटक!" काका ओरडले.

बस सुटली. मागच्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून कंडक्टरताई तिकिटं देत देत शेवटच्या बाकापर्यंत सांगत गेल्या, "मंडईच्या मागे, निळं फाटक."