गुरुजींच्या गच्चीवरचे ड्रम

आरोग्य खात्याचा तो कर्मचारी दर बुधवारी आमच्या गल्लीत डासांच्या अळ्या शोधायला यायचा. रांजणात, टाकीत बॅटरीचा उजेड पाडायचा आणि अळ्या दिसल्या की पाणी ओतून द्यायला लावायचा. मुरुडात आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, त्यामुळे बायकांच्या शिव्या खायचा, पण हसत. "वैनी, कोंबड्या पाळा, अळ्या कशाला पाळताय?" म्हणत भांडं स्वतःच आडवं करायचा.

माझ्या घरी मात्र तो चप्पल काढून दारातच थांबायचा.

"गुरुजी, वर काय हाय?"

"काही नाही," मी म्हणायचो. गच्चीवर दोन उघडे ड्रम काठोकाठ भरलेले असायचे. शिक्षक खोटं बोलणार नाही, या भरवशावर तो पुढच्या घरी जायचा.

पावसाळा सरताना तो आजारी पडला. डेंग्यू आणि चिकनगुनिया, दोन्ही एकाच वेळी. त्याचं घर माझ्यापासून दोन घरं सोडून आहे. महिनाभराने तो कामावर आला, तेव्हा बोटं सुजलेली होती, गुडघे नीट वाकत नव्हते. मला राहवलं नाही. दारातच सगळं कबूल केलं आणि म्हणालो, "तुम्ही बसा. मी आत्ता ओतून येतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"न्हाई गुरुजी. आता मीच बघतो."

कठडा धरून तो एकेक पायरी चढू लागला. मी हात पुढे करून त्याच्या मागे चढत होतो, पण त्याला आधार द्यायचं धाडस होईना.