गुलाबाचा खोडवा

त्या वर्षी वैशाखाचं ऊन नुसतं पोळत होतं. वळीव ढग दाखवायचा आणि पन्हाळ्याकडं निघून जायचा. गल्लीत केबल नुकती आलेली, तरी आम्ही म्हातारी माणसं दारातच बसायचो. म्हणून तर एवढे किस्से साठले. नुसत्या माझ्या गुलाबाचे धरले तरी पोतं भरेल!

गुलाब देशी, दाराशी लावलेला. माझा जीव त्याच्यावर. पण सुकलेली फुलं तशीच लोंबायची, नवी कळी दिसायची नाही. बायकोनं सांगूनच टाकलं, "औंदा गौरीला घरचं फूल न्हाय मिळालं, तर ह्येला उपटून कढीपत्ता लावणार!"

*

केबलवर बागकाम सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, फूल सुकलं की कात्री लावा, नाहीतर झाडाची ताकद बी धरण्यात जाते. मी कात्री घेऊन बसलो. पण सुकलं कधी म्हणायचं? एकाच्या पाकळ्या खालून अजून लालच होत्या. म्हटलं, गळू देत.

संध्याकाळी बायको बाहेर आली. "अवो, मयताला बसल्यागत काय बसलाय?"

*

शेजारचे पारिसा अण्णा जैन. कधी पान तोडायचे नाहीत. पण माझी अडचण त्यांना बघवेना. "वाळलेलं तेवढंच काप, तात्या. हिरव्याला धक्का नको."

मी कात्री लावली, तर अण्णा डोळे मिटून उभे!

"अण्णा, बघा की, बरोबर हाय का?"

"झालं का ते आधी सांग. मग बघतो!"

*

समोरचा बापू कोडोलीचा, जन्म उसात गेलेला. ऊस बुडात तोडला की तिथनंच पुन्हा फुटतो, तो खोडवा. तोही तोडला की पुढचा निडवा. बापूची शेती एवढीच.

दुपारी मी जरा आडवा झालो. उठून बघतो तर गुलाबाच्या जागी वीतभर खुंट! बापू कोयता पुसत उभा.

"फुलं कसली निवडत बसताय, तात्या? बुडातच मारलं. खोडवा जोरात येतोय बघा!"

आतनं बायको ओरडली, "आता बाजारातनं कढीपत्त्याचं रोप आणा!"

*

सगळा पावसाळा मी त्या खुंटाशी छत्री धरून बसलो. बायकोला म्हणायचो, "गौरीपतोर थांब की." बापूला मात्र कसला घोर नाही. येता-जाता विचारायचा, "उगवण कशी हाय?"

गौरीच्या सकाळी एक फूल उमललं. एकच, पण भलंमोठं! बायकोनं ते गौरीला वाहिलं, कढीपत्त्याचं नाव काढलं नाही, आणि बापूला बोलावून भाजी-भाकरी वाढली.

जेवून बापू बाहेर आला. खुंटावरचे हिरवेगार फुटवे त्यानं निरखून बघितले, घरी जाऊन कोयता घेऊन आला आणि मला म्हणाला,

"सरका तात्या, आता निडवा धरू!"