हिरवी पट्टी, निळी पट्टी

धारवाल्या मावशीला कात्री दाखवावी लागत नसे. ऐकवली की पुरे. ती कात्री कानाशी धरून एकदा उघडायची, मिटायची आणि पाती एकमेकांवरून कशी सरकली त्यावरून सांगायची, "हिनं पुठ्ठा कापलाय. खोटं बोलू नका." शिंपी ओशाळं हसायचे. चाकावरून उतरली की कात्रीची परीक्षा ओल्या कापसाच्या बोळ्यावर व्हायची. पाती टोकापर्यंत न ओढता कापत गेली तर काम झालं. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा चाक.

नवरा गेल्यापासून नऊ वर्षं हे चाक तिनं एकटीनं चालवलं होतं, घरामागच्या, एक मोटार जेमतेम मावेल एवढ्या खोलीत. शिंपी होते, न्हावी होते, पण घर चालायचं ते दोन मोठ्या गिऱ्हाइकांवर. एक सरकारी दवाखाना. दुसरं चौकापलीकडचं खासगी हॉस्पिटल, ज्याला सगळे 'काचेचं हॉस्पिटल' म्हणायचे, कारण त्याला भिंतीपेक्षा काचाच जास्त होत्या. दोन्हीकडच्या ऑपरेशनच्या कात्र्या तिच्याकडे यायच्या. मुठीजवळ बारीक रंगीत पट्टी गुंडाळलेली असे: सरकारी हिरवी, काचेची निळी. टेबलावर हिरवीचा ट्रे डावीकडे, निळीचा उजवीकडे. नवऱ्याच्या वेळेपासूनची ही पद्धत.

आताशा ती पद्धतच तिचे डोळे झाली होती. गेली अडीच वर्षं तिच्यापुढे कुणीतरी तेलकट कागद धरल्यासारखं झालं होतं. आधी उजव्या डोळ्यापुढे, मग दोन्ही. हिरवा आणि निळा हे दोन रंग आता एकाच राखी रंगाची भावंडं झाले होते. धार बोटाला कळायची, कानाला कळायची. त्यात तसूभर फरक नव्हता. रंग मात्र ती जागेवरून ओळखायची. डावं ते सरकारी, उजवं ते काचेचं. हे फक्त तिच्या मुलीला माहीत होतं. डोळ्यांनी अधू झालेल्या बाईच्या हातात ऑपरेशनची हत्यारं कोण देईल?

मुलगी औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. रोज लोक चिठ्ठी पुढे करून "यातलं अर्धंच द्या" म्हणताना बघून तिनं घाबरून आईची आरोग्य विम्याची पॉलिसी काढली होती. मोतीबिंदूचा खर्च मिळायला दोन वर्षं थांबायचं होतं. ती दोन वर्षं आत्ता भरली, आणि नेमका आत्ताच हप्ता दीडपट झाला. भरायची शेवटची मुदत आज, पाच वाजेपर्यंत. चुकली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"भरू ना?" मुलीनं सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"चाकाच्या नव्या मोटरचे पैसे आहेत ते. ही मोटर दर तासाला तापून बंद पडते."

"आई, मोटर तापली तर थांबता येतं. डोळे..."

"हळू बोल."

कारण दारात दादा उभा होता. मावशीचा थोरला भाऊ, निवृत्त बस ड्रायव्हर, काखेत छापील कागदांचा गठ्ठा. सगळ्यांना सरकारनंच उपचार द्यावेत, विम्याच्या कंपन्या मधून काढाव्यात, या मागणीसाठी तो महिनाभर सह्या गोळा करत हिंडत होता.

"काय गं, कसल्या पैशांची कुजबुज?" तो आत येत म्हणाला. "तो हप्ता? भरू नका, सांगतो. दर वर्षी दीडपट म्हणजे दरोडाच की! दरोडेखोर निदान तोंड तरी झाकतात."

"मामा, तुझ्या सरकारी दवाखान्यात हर्नियाला किती थांबलास?" मुलगी म्हणाली.

"तेरा महिने."

"आणि तेरा महिने पोट धरून कोण चालत होतं?"

"मीच. पण बिल किती आलं, विचार. विचार ना! शून्य!" त्यानं बोटांनी एवढं मोठं शून्य काढलं की दाराची कडी हलली. "आणि साबण घेतला तरी आपण कर भरतो, पोरी. तो पैसा जातो कुठं? रांग लांब आहे कारण डॉक्टर कमी. डॉक्टर कमी कारण सगळे काचेत जाऊन बसलेत."

"रांगेत माणूस मेला तर शून्य बिल काय फ्रेम करून लावायचं?"

"आणि विमेवाल्यांनी ऐन वेळी 'यात बसत नाही' म्हटलं तर? तुझ्याच दुकानात बघतेस ना रोज?"

मुलगी रोजच बघत होती.

मावशी दोघांकडे पाठ करून चाकापाशी बसली होती. चाकावर पाण्याची धार बारीक सोडलेली, पातीचा आवाज एकसुरी. तिला दोघांचंही पटत होतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

"तुला काय धाड भरलीय?" दादा तिला म्हणाला. "ठणठणीत तर आहेस. कशाला पाहिजे विमा?"

मुलीनं तोंड उघडलं. मावशीनं पाय आपटला, मोटरच्या पॅडलवर आपटल्यासारखा. मुलीनं तोंड मिटलं.

दादानं आपले कागद मांडायला टेबलावरचे दोन्ही ट्रे उचलून खाली ठेवले. गठ्ठे लावले, मोजले, घड्याळ बघितलं आणि घाईघाईत कागद काखेत मारले. निघताना भल्या माणसासारखं त्यानं ट्रे परत जागेवर ठेवले. फक्त डावा उजवीकडे गेला आणि उजवा डावीकडे. मुलगी तेव्हा दुकानात जायला चपला शोधत होती. मावशीची पाठ होती.

"पाचच्या आत सांग," मुलगी जाताना म्हणाली. "मी चारलाच एजंटकडे जाऊन बसते. तू फक्त हो म्हण."

दुपारी मावशीनं शेवटची कात्री कापसावर चालवली, दोन फडकी पसरली, डावा ट्रे एका फडक्यात बांधला, उजवा दुसऱ्यात. डावं बोचकं पिशवीत वर, कारण आधी सरकारी दवाखाना. नेहमीचंच.

सरकारी दवाखान्यात हत्यारं उकळून निर्जंतुक करायची खोली तळमजल्यावर होती. तिथल्या सिस्टर बावीस वर्षं तिथंच. वाफेनं त्यांच्या चष्म्याला कायमचं धुकं. मावशी आली की त्या खुर्ची पुढे सरकवायच्या. आजही सरकवली. मग फडक्याची गाठ सोडली, दोन कात्र्या उचलल्या आणि थांबल्या.

"मावशी, या कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? तुमच्याच."

"नीट बघा."

मावशीनं मान वाकवली.  पिशवीत दुसरं बोचकं होतं, ते बदललं असेल, असं म्हणावं का? पण म्हणजे हे निळं की ते?

"पट्टीचा रंग सांगा," सिस्टर म्हणाल्या.

"हिरवा." पत्ता टाकावा तसा तिनं शब्द टाकला.

सिस्टरनी मागच्या कपाटातून आणखी एक कात्री काढून शेजारी ठेवली. "आणि हिचा?"

दोन्ही राखी. सख्ख्या बहिणी. 

"ही हिरवी. पहिली निळी होती." सिस्टरचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "ऑपरेशन संपलं की आम्ही हत्यारं मोजतो, मावशी. एक परकं निघालं की पोट शिवायचं थांबतं. माणूस टेबलावर उघडा, आणि आम्ही मोजत बसतो. माहितीय ना तुम्हाला?"

"माहितीय."

"किती दिवस झाले?"

"दिवस नाही, सिस्टर." मावशीनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "धार बघा की. धार चुकली असेल तर हात तोडून देते."

सिस्टरनी कापूस घेतला, ओला केला, कात्री चालवली. टोकापर्यंत. एक तंतूही नाही.

"धार तुमच्यासारखी कुणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जिवावर येतंय. पुढचा गठ्ठा देता येणार नाही मला. डोळे बरे होईपर्यंत."

"मग मी खाऊ काय? चाक?"

"डोळ्यांचे डॉक्टर चारपर्यंत आहेत. चला, मी बरोबर येते. पण आधीच सांगते, ऑपरेशनची रांग आठ महिन्यांची आहे."

"तुमची माझी एवढी ओळख..."

"ओळखीनं रांग मोडली ना, तर तुमचा भाऊ उद्या गेटवर माझ्याच नावानं सह्या घेईल. आणि बरोबरच करेल."

डॉक्टर पोरगेलासा होता, डोळ्यांखाली काळं, टेबलावर न पिता गार झालेला चहा. त्यानं तिच्या डोळ्यांत उजेड पाडला, दोन्हीकडे बघितलं. "पिकलाय. दोन्हीकडे. कधीपासून दिसत नाही?"

आजच्या आधी तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. कुणी विचारू नये याचीच तर सोय करत होती ती. पण आता सिस्टर मागे उभ्या होत्या, आणि खोटं बोलायचं बळ सकाळपासून वापरून संपलं होतं.

"अडीच वर्षं," ती म्हणाली. "जास्तच, कमी नाही."

त्यानं ते लिहिलं. वर रांगेचा नंबर टाकला, शिक्का मारला, कागद तिच्या हातात दिला आणि पुढच्याला हाक मारली.

आपल्या खोलीत परतून सिस्टरनी दोन्ही बोचकी स्वतः सोडली, आपली हत्यारं ठेवून घेतली, निळी परत बांधून दिली. "काचवाल्यांना मी काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमचं तुम्ही बघा."

मावशी बाहेरच्या बाकावर येऊन बसली, तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. फोन वाजला.

"आई, हो म्हणतेस ना? मी इथंच आहे, एजंटसमोर."

मावशीनं सगळं सांगितलं. कात्र्या, सिस्टर, डॉक्टर.  मग फोन एजंटनं घेतला.

"मावशी, काही काळजी करू नका. आज हप्ता भरू, महिन्याभरात दोन्ही डोळे करून टाकू. फक्त त्या कागदावर काय लिहिलंय? कधीपासून?"

"अडीच वर्षं."

एजंट मग आवाज खाली आणून म्हणाला, "पॉलिसी दोन वर्षांची आहे हो. असं कुठं लिहून द्यायचं असतं का? आजार आधीचा होता, तुम्ही लपवला, असं म्हणून कंपनी हात वर करेल. तो कागद फाडून टाका. आमच्या डॉक्टरांना सांगायचं, सहा महिने झाले."

"त्यावर माझा नंबर आहे."

"कसला नंबर?"

"रांगेतला."

"आता रांग कशाला हवीय तुम्हाला?"

"आणि इथल्या वहीत पण लिहिलंय. ते कुणी बघितलं तर?"

"कोण बघतंय! आणि बघितलंच तर... मग नशीब."

"म्हणजे दीडपट पैसे भरून शेवटी नशीबच ना?" मावशी म्हणाली. "ते मला फुकटातही मिळतं."

फोन पुन्हा मुलीकडे आला. ती रडत नव्हती. रागानं तिचे शब्द तुटत होते. "फाड ना, आई! एक कागद! सगळेच असं करतात. आठ महिने तू काय करणार आहेस? आठ महिन्यांत कुठं पडलीस, बोट चाकात गेलं, तर? दहा मिनिटं आहेत."

मावशीनं कागद दोन्ही हातांत धरला. अक्षरं दिसत नव्हती, शिक्क्याचा ओलसर वास येत होता. फाडला तर रांग गेली. ठेवला तर विमा गेला. आणि फाडून, पैसे भरूनही कंपनीनं वही उघडली, तर दोन्ही गेलं, वर मोटरही. शेजारच्या बाकावर एक बाई झोपलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हातात तसाच एक कागद होता, चार घड्या पडून मऊ झालेला.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"मग?"

"नको भरू."

"मामाचं ऐकलंस शेवटी!"

"मामाला अजून पत्ताही नाही. आणि त्याचं कुठं ऐकलं? आठ महिने म्हणजे काय उपकार आहेत का? लाज वाटली पाहिजे कुणाला तरी. पण जे खरं सांगितलं त्यावर नंबर मिळालाय. जे खोटं सांगायचं त्यासाठी पैसे भरायचे, हे मला जमत नाही गं."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली, "मी निघते इथून. तू तिथंच थांब. एकटी रस्ता ओलांडू नकोस."

"मला अजून एक बोचकं पोचवायचंय."

"आई! तिथं काही बोलू नकोस हं. ठेव आणि ये. निदान ते काम तरी राहू दे."

मावशीनं फोन ठेवला. कागद ब्लाउजमध्ये सरकवला, पिशवी उचलली. चौकात ती माणसांच्या पावलांच्या आवाजावर थांबली, त्यांच्याबरोबरच निघाली.

काचेच्या हॉस्पिटलात गार हवा होती आणि फरशी इतकी चकचकीत की पायऱ्या कुठं संपल्या ते कळेना. स्टोअरच्या खिडकीमागचा माणूस नेहमीसारखा हसला. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसलं नाही, पण पाच वाजून गेलेत हे तिला ठाऊक होतं.

"या मावशी! ठेवा, सही करतो." त्यानं वही ओढली, पेन उघडलं.

बोचकं काउंटरवर होतं. तिनं त्यावरचा हात काढला नाही.

"आधी सोडून बघा," ती म्हणाली. "एकेक पट्टी बघा. सगळ्या निळ्या आहेत का ते तुम्हीच सांगा मला."

"का हो? आज काय विशेष?"

"मला रंग दिसत नाहीत. अडीच वर्षं झाली. आज हे बोचकंच भलतीकडे गेलं होतं."

त्याचं पेन वहीवर थांबलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं फडकं सोडलं, कात्र्या एकेक करून दिव्याखाली धरल्या. चौदा होत्या, टक टक आवाज चौदा वेळा झाला.

"सगळ्या आपल्याच आहेत," तो अखेर म्हणाला. "पण मावशी, हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा," मावशी म्हणाली.  "लावा फोन. मी इथंच उभी आहे. आणि त्यांना सांगा, धार आधी बघा म्हणावं."

त्यानं फोन उचलला.