खिशातले फ्यूज

आमच्या टोळीत एक रिवाज होता. वायरला हात घालण्याआधी मेन बोर्डातले फ्यूज काढायचे आणि जो काम करणार, त्याने ते स्वतःच्या खिशात ठेवायचे. तोच येऊन बसवेल, तेव्हाच लाइन चालू. उस्तादांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचत मी मोठा झालो, आयटीआय केलं आणि गुडगावात उंच इमारती उठायला लागल्या तेव्हा तिथे वायरमन म्हणून लागलो.

त्या दुपारी नमुन्याचा फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं आली आणि दिवे बंद. माझा जोडीदार सहाव्या मजल्यावर केबल जोडत होता. फ्यूज त्याच्या खिशात. ठेकेदाराने दुकानातून नवे मागवले आणि माझ्यापुढे धरले.

"लगा दे."

"ऊपर आदमी है."

"तो आवाज दे दे, हाथ हटा लेगा."

मजुराच्या जिवाबद्दल मी तावातावाने बोलू लागलो. "नेताजी, भाषण बाद में," उस्ताद म्हणाले आणि बोर्डाला पाठ लावून उभे राहिले. मग एकेक करत बाकीचेही कामं टाकून त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

शेवटी जोडीदार घाम पुसत खाली आला. "क्या हुआ? किसी की बारात है?" आमचे चेहरे बघून तो थेट बोर्डाकडे गेला. त्याने खिशातले फ्यूज बसवले. दिवे लागले. गिऱ्हाइकांकडे बघून हसता हसता ठेकेदार हळूच उस्तादांना म्हणाला, "कल से मत आना."

संध्याकाळी मी म्हणालो, उद्यापासून सगळ्यांनी काम बंद. सगळे तयार होते. उस्ताद पिशवी बांधत होते.

"अर्थिंग बाकी है ना? लोग रहने आएँगे. बच्चे गीले हाथ से गीजर छुएँगे. पूरा करो, फिर जितना लड़ना है लड़ो."

"उस्ताद, ठेकेदार भी तो यही चाहता है."

"चाहता है," ते म्हणाले आणि मानेसरच्या शेअर ऑटोत बसून गेले.

मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही. उस्तादांची जागा ठेकेदाराने मला देऊ केली. मी नाही म्हणालो. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही अर्थिंगसाठी खड्डा खणला, प्लेट उतरवली, कोळसा आणि मिठाचे थर भरले. रागाने फावडं मारत होतो, पण थर नीट बसवत होतो. वायरिंग तपासून झालं, त्या दिवशी आम्ही सगळेच काम सोडून तिथून बाहेर पडलो.